रयतेचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या ट्रस्टच्या स्थापनेला ५० वर्षे पूर्ण होत असताना स्मरणिका समितीने एखाद्या थोर समाजसेवकाचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. मी काही लेखक नव्हे. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो आणि पुढची चाळीस वर्षे जमाखर्च लिहिण्यापलीकडे लेखणीचा फारसा उपयोग केला नाही. तरीही समितीचा आग्रह मोडवला नाही, याचे कारण ज्या नावाचा विचार प्रथम मनात आला ते नावच तसे होते.

दानशूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धनाढ्य श्रेष्ठी उभा राहतो. त्याने बांधलेली मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा आठवतात. त्या सर्वांविषयी मनात आदर आहेच. परंतु मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्यांच्याजवळ देण्यासारखे स्वतःचे धन जवळजवळ नव्हते. ते जन्माने जैन होते, व्यवसायाने काही काळ फिरते विक्रेते होते आणि मॅट्रिकची परीक्षाही त्यांच्या हातून पार पडली नव्हती. असे असूनही खेड्यापाड्यांतील लाखो मुलांच्या घरी ज्ञानाचा दिवा त्यांच्यामुळे लागला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

कोणी म्हणेल, सातारा कोठे आणि आपण कोठे! महाराष्ट्रात प्रतापगड म्हटले की लोकांना सातारा जिल्ह्यातील शिवरायांचा गड आठवतो. आपला गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड त्याचा नावबंधू. एक सह्याद्रीच्या कड्यावर, दुसरा झाडीपट्टीच्या वनराईत. मध्ये जवळजवळ सारा महाराष्ट्र पसरलेला आहे. पण खेड्यातील गरिबी, मुलींची अर्धवट सुटलेली शाळा आणि पडीक जमीन या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. म्हणून कर्मवीरांचे चरित्र आपल्याही उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या टेकडीमुळे हा परिसर जैन बांधवांना तीर्थक्षेत्र म्हणून परिचित आहे. वडिलांचे नाव पायगोंडा, आईचे गंगाबाई. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्री येथे सांगितले जाते. पुढे हे कुटुंब सांगली परिसरातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्याने बदल्या होत आणि मुलाचे बालपण निरनिराळ्या गावांत गेले.

अभ्यासापेक्षा त्यांचे लक्ष कुस्ती, पोहणे आणि सवंगड्यांत अधिक होते. त्या सवंगड्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील मुलेही असत. या मुलांना गावच्या विहिरीवर पाणी घेऊ देत नाहीत, हे पाहून लहानग्या भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. ज्या पाण्यावर सर्वांचा हक्क नाही ते कोणालाच मिळू नये, असा तो बालसुलभ पण रोखठोक न्याय होता.

आपल्याच बोर्डिंगातून हकालपट्टी

शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेव्हा निघत होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी बोर्डिंगची अपेक्षा होती. भाऊरावांनी ती मानली नाही. परिणामी बोर्डिंगचे व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकले.

जैन समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग लिहावा की नाही, असा विचार माझ्या मनात आला होता. पण तो गाळला तर पुढच्या चरित्राचा अर्थच लागत नाही. लठ्ठे हे काही लहान गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा होता, पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी नियम पाळला. मात्र ज्या धर्माने प्रत्येक जीवात एकच आत्मतत्त्व पाहिले, त्याच्या छत्राखालील घरात माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानला जावा, ही गोष्ट भाऊरावांच्या मनाला कायमची टोचली. पुढे त्यांनी काढलेल्या प्रत्येक वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली आणि एका पंक्तीला जेवली.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाने आपल्याला घराबाहेर काढले, त्याचा सूड घेण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंग आणि मारहाण सोसली, पण खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत. एवढे होऊनही कोल्हापूर दरबाराविषयी त्यांनी मनात अढी धरली नाही. पुढे त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव लाभले आणि त्यांनी ते आनंदाने मिरविले. सत्य अणुव्रत आणि क्षमापना यांचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

नांगर, कंदील आणि खेड्यांचे दर्शन

शालेय शिक्षण अर्धवट राहिले. साताऱ्यास शिकवण्या करून ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतर ओगले यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर यांचे विक्रेते म्हणून त्यांनी गावोगाव प्रवास केला. आम्हा व्यापाऱ्यांना या टप्प्याचे महत्त्व लवकर कळेल. फिरता विक्रेता गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसतो, त्यामुळे घरची खरी स्थिती त्याला दिसते. कर्ज का काढले, बैल का विकला, मुलाला शाळेतून का काढले, हे सर्व त्याच्या कानावर येते. भाऊरावांनी लोखंडी नांगर विकता विकता शेतकऱ्याचे दुःख असे जवळून पाहिले. अक्षरशत्रू शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या अडकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. सत्यशोधक चळवळीतून महात्मा फुले यांचे विचार त्यांच्यापर्यंत पोचले होतेच.

मूठभर धान्यातून उभी राहिलेली संस्था

सन १९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी विद्यार्थी आश्रमाच्या कार्यात भाग घेतला. त्या कार्याला आधार होता तो मुष्टी फंडाचा. घरातील गृहिणीने रोजच्या दळणातून किंवा शिधा काढताना एक मूठ धान्य बाजूला ठेवावे आणि गोळा झालेल्या धान्यावर वसतिगृहातील मुलांचे जेवण चालावे, अशी ही साधी व्यवस्था. त्यात मोठा देणगीदार कोणी नसतो. ज्या बाईच्या हाती घरची तिजोरी कधीच नसते, तिच्या हाती निदान धान्याची कणगी असते. मुष्टी फंडाने तिला दात्री केले. पुढे रयतच्या कार्यातही लोकांच्या अशाच लहान लहान वाट्यांवर त्यांनी भर दिला.

दसऱ्याच्या मुहूर्तावर, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले या खेड्यात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, राबणारा शेतकरी. संस्थेचे नावच तिचा धर्म सांगते. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, स्वतः स्वयंपाक करतात, हे पाहून ते प्रसन्न झाले. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले, तेही याच ऐक्याच्या भावनेतून.

रयतमाउली लक्ष्मीबाई

या चरित्रातील ज्या पानापाशी मी नेहमी थांबतो ते आहे त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाईंचे. त्या जुन्या वळणाच्या जैन घरात वाढल्या होत्या. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये यांत त्यांचे बालपण गेले होते. पतीने घरात सर्व जातींची मुले आणून ठेवली तेव्हा त्यांना किती जड गेले असेल याची कल्पना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सहज करता येईल. पण हळूहळू त्या बदलल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसताना त्याची जात विचारायची नसते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. त्या साऱ्या मुलांच्या आई झाल्या.

वसतिगृहाचा संसार वाढत गेला तसे त्यांच्या अंगावरील दागिने एकेक करून कमी होत गेले. मुलांच्या जेवणासाठी सोने विकले गेले. एकदा कोठारात धान्य नव्हते, भाऊराव गावाला गेलेले होते आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले, ही हकीकत आज महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने या त्यागाचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको. १९३० साली त्या निवर्तल्या. त्या वेळी संस्थेला अजून हायस्कूल नव्हते, महाविद्यालय नव्हते, मानसन्मान तर दूरच. त्यांनी फक्त पाया पाहिला, कळस पाहिला नाही.

संस्थांच्या दारावर देणगीदारांच्या फरशा लावलेल्या असतात. घरातील पुरुषाने दिलेल्या प्रत्येक देणगीमागे एका स्त्रीची काटकसर असते, तिचे नाव फरशीवर क्वचितच येते. रयतने लक्ष्मीबाईंना विसरले नाही, ही गोष्ट मोठी आहे.

कमवा आणि शिका

भाऊरावांच्या कार्याचा गाभा म्हणजे स्वावलंबन. गरीब मुलाला फुकट जेवू घातले तर त्याचे पोट भरेल, पण मान खाली राहील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वसतिगृहातील मुलांनी काम करावे आणि त्या कष्टावर शिकावे, अशी रीत त्यांनी घातली. मुलांनी खडी फोडली, रस्ते केले, इमारतींसाठी दगडमाती वाहिली. साताऱ्याच्या परिसरातील खडकाळ, पडीक जमीन फोडून त्यांनी ती लागवडीखाली आणली आणि त्या मातीतून आपला भाजीपाला, धान्य पिकविले. जमिनीची धूप, झाडांची तोड, पाण्याची टंचाई यांची चर्चा आज परिसंवादांतून होते. या मुलांनी ओसाड माळ हिरवा करण्याचे शास्त्र कुदळीने शिकून घेतले. शेतकऱ्याच्या मुलाने शिकून मातीपासून दूर जाऊ नये, ही शिकवणही त्यांना त्यातूनच मिळाली.

१९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९३७ नंतर खेड्यापाड्यांत स्वयंसेवी प्राथमिक शाळांचे जाळे पसरले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत, निवासी हायस्कूल सुरू झाले. स्त्रीशिक्षिका नसेल तर खेड्यातील पालक मुलींना शाळेत पाठवीत नाहीत, ही अडचण ओळखून जिजामातांच्या नावाने अध्यापिका विद्यालयही साताऱ्यास निघाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय उभे राहिले.

गाडगे महाराज हे तर आपल्या विदर्भाचे, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या, देवापुढील पशुहत्येविरुद्ध कीर्तनातून बोलणाऱ्या या संताचा भाऊरावांवर फार लोभ होता. स्वातंत्र्यानंतर सरकारशी झालेल्या मतभेदामुळे काही काळ संस्थेचे अनुदान बंद पडले होते. तेव्हा सामान्य शेतकऱ्यांनी संस्थेला हात दिला, गाडगे महाराजांनीही तिच्यासाठी शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. अनुदान थांबले तरी संस्था थांबली नाही, कारण तिची मुळे लोकांच्या घरांत पोचलेली होती.

अखेर

अंगावर खादी, पांढरी दाढी, हातात काठी, पाय अनवाणी, असे त्यांचे रूप विद्यार्थ्यांच्या मनात कायम राहिले. मुले त्यांना अण्णा म्हणत, लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत संस्थेने ३८ वसतिगृहे, ५७८ स्वयंसेवी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये चालविली. २०१९ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली आणि आज तिच्या शाखांची संख्या ७००हून अधिक आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की ती स्वतःच खोड होते आणि मूळ झाडाचा भार उचलते. कर्मवीरांना आपला प्रत्येक विद्यार्थी तसा हवा होता.

आपल्यापुरता विचार

आपल्या शास्त्रांत चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. कर्मवीरांच्या वसतिगृहात मुलाला अन्न मिळाले, आजारपणात लक्ष्मीबाईंची शुश्रूषा मिळाली, विद्या मिळाली आणि जातीच्या अपमानाचे भय गेले. ही चारही दाने त्यांनी एका छपराखाली आणली.

आता एक स्वतःची गोष्ट सांगून थांबतो. महाशिवरात्रीला प्रतापगडाच्या पायथ्याशी मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेले भाविक ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही माथा टेकतात. त्या यात्रेच्या दिवसांत मी अनेक वर्षे गरजू स्त्रियांना लुगडी वाटत असे. एका वर्षी जंगलाकडच्या एका टोलीवरील म्हाताऱ्या बाईंनी लुगडे घेतले आणि संकोचत विचारले की, नातीची सातवी झाली आहे, पुढची शाळा लांब आहे, गावात तिच्या राहण्याची कोठे सोय होईल काय. मी पाहतो म्हणालो. रांग मोठी होती. पुढे दुकानाच्या व्यापात ती गोष्ट विसरून गेलो.

दोन वर्षांनी त्याच बाई माझ्या दुकानात आल्या. या वेळी त्यांना फुकट काही नको होते. पदरच्या गाठीतून मोहफुले विकून जमविलेले पैसे काढून त्यांनी नातीच्या लग्नाचे लुगडे घेतले. मुलगी सोबतच होती, जेमतेम पंधरा वर्षांची. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी लुगड्याची किंमत कमी केली, तर त्यांनी पूर्ण पैसे मोजून दिले. त्या रात्री वही मिटताना जमा-खर्च जुळला, पण मन जुळले नाही. एका मुलीला दोन वर्षे राहण्यासाठी एक खोली आणि दोन वेळचे जेवण लागले असते. मी तिच्या आजीला लुगडे दिले होते.

आपल्या ट्रस्टने ५० वर्षांत पुष्कळ सत्कार्ये केली आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याचा विचार विश्वस्त मंडळ करीत आहे. माझी नम्र सूचना एवढीच की, प्रतापगड परिसरातील वाड्यावस्त्यांवरच्या मुलींसाठी, कोणत्याही जातिधर्माच्या असोत, एक लहानसे वसतिगृह काढावे. इमारत भाड्याची चालेल. शेजारी थोडी जमीन असावी, तेथे मुलींनी भाजी पिकवावी, झाडे लावावीत आणि ती जगवावीत. खर्चाचा काही भार आपल्या घरांतील भगिनींनी मुष्टी फंडातून उचलावा. रोज एक मूठ तांदूळ काढणे आपल्यापैकी कोणालाच जड नाही. भाताच्या मुलुखात तर नाहीच नाही.

माझ्या दुकानाच्या वतीने पहिल्या दहा मुलींच्या गणवेशाचे कापड दरवर्षी देण्याचे मी येथे लिहून देतो. ते दान समजू नये. एका जुन्या थकबाकीची ती परतफेड आहे.

जय जिनेंद्र.